दोनशेपानी वही

४ जून

मावशे,

आधी खुर्ची ओढून बस, मग वाच. काल आमच्या मोजणी कार्यालयाच्या सभेत तुझं नाव गाजलं. म्हणजे तुझं नाही, तुझ्या दरीचं. पण तिथे नर्स तू एकटीच, तेव्हा तुझंच धरायचं.

सगळ्या भागांतल्या जन्मांचा तक्ता मी केला होता. एका बाईला सरासरी किती मुलं होतात, त्याची वर्षावार रेघ. बाकीच्यांच्या रेघा मुंगीच्या पावलांनी खाली येतायत आणि तुझ्या दरीची रेघ सहा वर्षांत धाडकन उतरलीय. साडेतीनच्या जवळ होती, आता दोनच्याही आत. गेल्या वर्षभरात फक्त एकतीस जन्म! आणि त्या सहा वर्षांत बाळंतपणात एकही बाई दगावलेली नाही. मोठे साहेब चष्मा काढून म्हणाले, "ही दरी आहे की पुस्तकातलं उदाहरण?" सगळे हसले. मी मात्र मान ताठ करून उभी होते. माझी मावशी आहे तिथे, हे सांगायचं ओठांवर आलं होतं, पण गिळलं.

आता काम सांगते. अहवालात अर्ध्या पानाची चौकट टाकायची आहे, हे कसं साधलं म्हणून. तू काय केलंस ते तुझ्या शब्दांत लिहून पाठव. "मी काय केलं, बाई" वगैरे नखरे नकोत. शुद्धलेखन मी बघेन.

तुझी
ठकी

ता.क. तब्येतीचं विचारशील म्हणून आधीच सांगते. बरी आहे. जरा दमले आहे, इतकंच.


१३ जून

ठके,

पत्र मिळालं. फोन करू नकोस म्हटलं ते मनावर घेतलंस, बरं केलंस. रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं आणि माझे गुडघे हल्ली माझं ऐकत नाहीत. शिवाय फोनवर तू अर्धं ऐकतेस. पत्र तरी पुरं वाचावं लागतं.

चौकटीत टाकायला माझ्याकडे काही नाही. बायका शहाण्या झाल्या, असं लिही. ते कुठेही खपतं.

इथलं सांगायचं तर बाळंतपणाच्या खोलीत दोन टेबलं आहेत, त्यातल्या एकाचा पाय तिसऱ्यांदा सुतळीने बांधला. वरचा दिवा चालू केला की आधी दोन मिनिटं विचार करतो, मग पेटतो. बाळांचं वजन करायचा काटा पन्नास ग्रॅम जास्त दाखवतो, ते मी मनातल्या मनात वजा करते. नवा मागून चार वर्षं झाली. तुमच्या मोजणी कार्यालयात काटे मोजत नाहीत वाटतं.

आज हसरी आली होती. तुला सांगितलं होतं बघ, पहिल्या खेपेला कळा देतानाच जी टेबलावर खदखदून हसली आणि मलाही हसवलं, तीच. आता सातवा लागलाय तिला. पाय सुजलेत, पापणी खाली ओढून बघितली तर आत पांढरीफटक. गोळ्या दिल्या तर म्हणे, घरी सगळ्यांना वाटून खाते, सगळ्यांनाच अशक्तपणा आहे! कपाळावर हात मारला. कितवी खेप म्हणून विचारू नकोस, तू लगेच रेघ ओढशील.

आणि दुसऱ्यांच्या पोरांची मोजदाद पुरे झाली. तुझ्या घरात पाळणा कधी हलणार? चौतीस संपत आलं. तुम्हा शहरातल्या पोरींचं मला कळतच नाही. आधी नोकरी, मग घर, मग घरातले पडदे, आणि मग एकदम धावाधाव. जावईबापूंना म्हणावं, मावशी अजून वर्ष-दीड वर्षच कामावर आहे. नंतर माझ्या हाताला गिऱ्हाईक मिळणार नाही.

मावशी


३० जून

प्रिय मावशी,

पाळण्याचं पुन्हा विचारू नकोस. रागावून लिहीत नाहीये, पण विचारू नकोस.

दुसरी गोष्ट कामाची आहे. माझ्या त्या तक्त्यावरून वरच्या लोकांनी एक ठराव तयार केलाय. वर्षाला चाळीसपेक्षा कमी जन्म होतात तिथली बाळंतपणाची खोली बंद करायची आणि सगळं जवळच्या शहरातल्या इस्पितळात न्यायचं. यादीत अकरा ठिकाणं आहेत आणि पहिलं तुझं आहे. पंधरा सप्टेंबरपासून. साहेबांची सही ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी होईल.

मला आधी वाईट वाटलं. मग विचार केला, की तुझ्यासाठी बरंच आहे की. शहरात बदली, धड दिवा, धड टेबल, आणि सोबतीला चार नर्स. शेवटचं वर्ष तरी आरामात जाईल. बायकांसाठी शहरातून गाडी येणार आहे. नोंदलेल्या प्रत्येक गरोदर बाईच्या दारात. कागदावर सगळं चोख आहे, मी स्वतः तपासलंय.

चौकटीचं राहिलंच. तूच लिहिली असतीस तर बरं झालं असतं. मी "बायका शहाण्या झाल्या" असंच टाकलं.

ठकी


८ जुलै

ठके,

थांबव ते. काय वाट्टेल ते कर, पण थांबव.

कागदावर चोख! तू इथे आली होतीस तेव्हा नऊ वर्षांची होतीस आणि वळणावळणावर ओकत होतीस, आठवतंय? तोच रस्ता आहे अजून. खोऱ्यापासून शहर साडेतीन तास, तेही जीपचा टायर शाबूत असला तर. दुसऱ्या खेपेची बाई कळा सुरू झाल्यापासून दोन तासांत मोकळी होते. मग ती कुठे बाळंत होणार? जीपमध्ये, खडीच्या ढिगाशेजारी, ड्रायव्हर तोंड फिरवून उभा आणि सासू पदर धरून उभी. इथे निदान माझा दिवा दोन मिनिटांत पेटतो तरी.

आणि ती गाडी "नोंदलेल्या" बाईच्या दारात येणार म्हणतेस. तो शब्द मी दहादा वाचला. 

माझ्या आरामाचं मला सांगू नकोस. आराम हवा असता तर मी बत्तीस वर्षांपूर्वीच इथून पळाले असते. माझी बदली नको, मला नवा काटाही नको. खोली राहू दे. चाळीसच हवेत ना त्यांना? चाळीस काय घेऊन बसलेत.

कसं थांबवायचं ते मला कळत नाही. तू शिकलेली आहेस, तुला कळेल.

मावशी


१९ जुलै

मावशी,

"चाळीस काय घेऊन बसलेत" हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून परवा दुपारी लसीकरणाच्या टेबलावरून तुझ्या दरीचे आकडे मागवले. आमच्याकडे जन्म एका टेबलावर आणि लस दुसऱ्या टेबलावर. दोघांच्या मध्ये एक कपाट आणि एक भांडण आहे, त्यामुळे कोणी कोणाचे कागद बघत नाही. मी बघितले.

गेल्या वर्षी तुझ्याकडे जन्म एकतीस. आणि पहिला डोस घेतलेली बाळं अठ्ठावन्न. मावशे, उरलेली लस काय मांजराच्या पिल्लांना टोचलीस?

हसायला लिहिलं, पण हसू आलं नाही. सत्तावीस बाळं आभाळातून पडली नाहीत. आधीच्या वर्षीही तसंच आहे, त्याच्या आधीही. म्हणजे माझी रेघ खोटी आहे. सगळ्या सभेपुढे मिरवलेली रेघ. आणि त्या खोट्या रेघेवरून तुझी खोली बंद होतेय.

मला खरं सांग. दगावलेल्या बायकांचं शून्यसुद्धा तसंच आहे का, तेही सांग. मी हे अजून कोणालाच बोललेले नाही. पण फार दिवस गप्प बसता येईल असं वाटत नाही. घरात नुसती येरझाऱ्या घालते. हे म्हणतात, एकदा बस तरी.

ठकी


२७ जुलै

ठके,

बसून वाच असं तू मला लिहिलं होतंस. आता तू बस.

माझ्याकडे दोन वह्या आहेत. एक सरकारी, हिरव्या पुठ्ठ्याची, ती वर जाते. दुसरी दोनशेपानी, शाळेची, ती माझ्या ट्रंकेत असते. खरं सगळं दुसरीत आहे.

इथले निम्मे पुरुष रस्ताखात्याच्या कामावर आहेत. नियम असा आहे की तिसऱ्या मुलाची नोंद झाली की बापाचं नाव मस्टरवरून खाली. दुसरं काम इथे नाही. सहा वर्षांपूर्वी खडी फोडणाऱ्याच्या बायकोचं तिसरं मी हिरव्या वहीत लिहिलं, नेमाप्रमाणे, सुबक अक्षरात. महिन्याभरात तो घरी बसला. वर्ष सरायच्या आत तिला पुन्हा दिवस गेले. ते तिने माझ्यापासूनही लपवलं. ठके, माझ्यापासून! तिची तिन्ही माझ्या हातावर झालेली. कोणाकडून तरी काढवून घेतलं आणि चौथ्या दिवशी तापाने फणफणलेली आणली. संध्याकाळपर्यंत होती. शेवटी शेवटी म्हणाली, "बाई, लिहू नका." नवरा पाया पडला. मी "ताप" लिहिलं.

त्या दिवशी ठरवलं, तिसरं लिहायचं नाही. बाळ माझ्याकडे जन्मणार, डोस माझ्याकडे घेणार, पण हिरव्या वहीत जाणार नाही. बायका पुन्हा मोकळेपणी यायला लागल्या. मला वाटलं मी फार शहाणपणा केला. लशीवरून सापडेन हे डोक्यातच आलं नाही. बाळाला डोस न देण्याइतकी मी अजून वाया गेलेली नाही.

आणि शून्याचं. दोन वर्षांपूर्वी कपडे शिवणारी एक होती, तिसऱ्या खेपेची. बाळ आडवं आलं. शहरातून गाडी मागवायला टाकीवर चढले, तर पलीकडचा म्हणाला, यादीत नाव नाही. यादी मीच पाठवते, त्यात तिचं नाव कसं असणार? मी कागदावर तिला गरोदरच ठेवली नव्हती. भाड्याची जीप मिळेपर्यंत सहा तास गेले. वाटेत गेली, माझ्या मांडीवर. तिचं मी "रक्त कमी" लिहिलं. तुझ्या शून्यात त्या दोघी आहेत. पहिली नेमामुळे गेली म्हणून मी दुसऱ्यांना वाचवायला निघाले, आणि दुसरी माझ्यामुळे गेली. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

आता हसरी. तिची चौथी खेप आहे. हिरव्या वहीत तिला दोनच मुलं आहेत आणि पोटात काही नाही. रक्त सातावर आलंय. सप्टेंबरच्या मध्याला भरतील तिचे. बरोबर तेव्हाच तुमचं कुलूप लागणार, आणि गाडी काही तिच्या दारात येणार नाही.

एकतीसचे अठ्ठावन्न कर तू तिकडच्या तिकडे. नावं मागू नकोस. बापांची कामं जातील.

मावशी


६ ऑगस्ट

मावशे,

तिकडच्या तिकडे काही होत नाही. आकडा म्हणजे माझ्या हातातलं पेन नाही. एक जन्म वाढवायचा तर एक अर्ज लागतो, त्यावर बाळाची तारीख लागते आणि आईची सही लागते.

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात वाचलं. आधी तुझा इतका राग आला की काय सांगू. मग रडले, आणि का रडले ते तुला सांगायलाच हवं. तू विचारलं होतंस ना, पाळणा कधी. तीनदा राहिलं, मावशी. तीनदा गेलं. एक दीड वर्षापूर्वी, एक गेल्या डिसेंबरात, आणि तिसरं त्या सभेच्या दोन दिवस आधी, एक जूनला. तिसऱ्या दिवशी मी पोटाला गरम पिशवी बांधून सभेला उभी राहिले. तुझी रेघ खाली चाललेली बघून सगळे खूश होते, आणि मी काही बघतच नव्हते. बघितलं असतं तर एका नजरेत कळलं असतं. इतकी सरळ रेघ माणसांची नसते.

मी जाते त्या दवाखान्यात मऊ खुर्च्या आहेत. रक्त दर आठवड्याला काढतात, दर आठवड्याला छापील कागद देतात. मी आई होणार असं मी आजवर सहा अर्जांवर लिहून दिलंय, आणि तुझ्याकडे बायका चौथ्यांदा आई होतात आणि एका कागदावर त्यांचं नाव नसतं. कोणावर चिडावं तेच कळेना. म्हणून सगळ्यांवर चिडले. यांच्यावरसुद्धा.

मग दोन दिवस मी नोंदणीचा अर्ज घेऊन बसले. पुढून, मागून, बारीक अक्षरासकट. आणि एक जागा सापडली.

रस्ताखात्याकडे आमच्याकडून जी यादी जाते ती बापाच्या नावाने जाते. आणि अर्जाच्या मागे सातवं कलम आहे: आईची इच्छा असल्यास वडिलांचा रकाना कोरा ठेवता येईल. कारण विचारलं जाणार नाही. हे सरळ कायद्यात आहे, मावशे, चोरून काही नाही. रकाना कोरा ठेवला की बाळ मोजलं जातं, आई मोजली जाते, आणि बाप मस्टरवर राहतो.

पण दोन गोष्टी आहेत. एक, आईने स्वतः येऊन सही करायला हवी, नवऱ्याने नाही. बाप नाही असा कागद कोणती बाई करून घेईल, ते मला माहीत नाही. दोन, उशिराच्या प्रत्येक नोंदीखाली उशीर का झाला ते नर्सने लिहून सही करायची. म्हणजे तू. कारण खरंच लिहावं लागेल. त्यावरून तुझी चौकशी होणार, यात शंका नाही.

जुनी नोंद बदलायची असेल, त्या दोघींची, तर खाडाखोड करायची नाही. चुकीच्या शेजारी बरोबर लिहायचं आणि सही करायची. नात्यातल्या एकाची सही घे.

साठ अर्ज या पत्रासोबत पाठवते आहे. चाळीस गाठायला निदान नऊ हवेत. एकोणतीसच्या संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर. तू नाही म्हणालीस तर मी समजून घेईन. खरंच घेईन.

ठकी


१७ ऑगस्ट

ठके,

नाही कशाला म्हणू? सत्तावन्न वर्षांची झाले, आता कोणाला भ्यायचं?

बुधवार डोसाचा दिवस. सगळ्या आपोआप येतात, म्हणून तोच साधला. खोलीत मावेनात, टेबलावर बसल्या, सुतळीचं टेबल वाजायला लागलं. मी सगळं सांगितलं. दोन वह्यांचं सांगितलं, कुलपाचं सांगितलं, कोऱ्या रकान्याचं सांगितलं. जे सांगायचं नव्हतं तेही सांगितलं, शिवणवालीचं. तिची जाऊ तिथेच बसली होती. ती बाळाच्या पाठीवर थोपटत राहिली.

मग गोंधळ. एक म्हणाली, "बापाची जागा कोरी म्हणजे लोक काय म्हणतील?" एक सासू ओरडली, "माझ्या नातवाला बाप आहे, तो बघा बाहेर जांभया देतोय!" बाहेर खरंच पाच-सहा बाप उभे होते, त्यातल्या कोणाला म्हणाली ते कळेना, सगळ्यांनीच तोंड मिटलं. दोघी उठून गेल्या. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात हसरी भिंतीला टेकून म्हणाली, "अगं, लोक काय रकाने वाचायला येतात? माझा नवरा कागदावर नसला तर नसू दे. घरी आहे तेवढा पुरे, त्याचंच मला झेपत नाही." आणि लागली हसायला, पोट धरून. तिचं हसणं म्हणजे साथ आहे, एकीकडून दुसरीकडे लागते. बाहेरचे बापसुद्धा हसले. तिच्या नवऱ्यानेच आत येऊन विचारलं, "बाई, पेन आहे का?" मी म्हटलं, "तुझी सही चालत नाही." म्हणाला, "माहितीये. तिला द्यायचंय."

त्या दिवशी अकरा झाल्या. मग घरोघर फिरले. चढावरच्या वस्तीवर गेले ते गुडघे आज शिव्या देतायत. एकीने अर्ज हातात घेऊन विचारलं, "इथे माझं एकटीचंच नाव?" म्हटलं, हो. तिने तो दोनदा वाचला, मला परत देईना. एकूण तेवीस झाल्या. चौघी नाही म्हणाल्या, त्यांना मी पुन्हा विचारलं नाही.

उशिराचं कारण तेवीस वेळा एकच लिहिलं: "मी नोंद केली नाही." खाली सही. दहाव्या सहीनंतर हात हलका झाला.

खडीवाल्याकडे गेले. म्हटलं, "ताप" च्या शेजारी खरं लिहायचंय. तो म्हणाला, "आता लिहून काय होणार?" मी म्हटलं, मला माहीत नाही. त्याने हात पुसून पेन घेतलं. मग सही केली. शिवणवालीची जाऊ आपण होऊन आली.

गरोदरांच्या यादीत हसरीचं नाव घातलं. खोली राहिली नाही तर निदान गाडी तरी येईल. जीपवाल्याच्या हातात हे पाकीट देताना त्याला दोनदा बजावलं. तो म्हणाला, "बाई, सोनं आहे का आत?"  आता मलाच येरझाऱ्या सुटल्यात.

मावशी


३ सप्टेंबर

मावशे,

पाकीट बावीसला आलं. मी दारातच फाडलं.

आता क्रमाने सांगते, नाहीतर घोळ होईल. एकतीस अधिक तेवीस, चोपन्न. नवा तक्ता करून साहेबांकडे नेला. रेघ वर चढलेली बघून ते म्हणाले, "दरीत एकाएकी काय झालं? बायका बिघडल्या का?" मी म्हटलं, "बायका होत्या तशाच आहेत, साहेब. तक्ता बिघडला होता. तो मी केला होता." मग त्यांनी शेवटचा रकाना बघितला. शून्याच्या जागी दोन.  नंतर विचारलं, या दोघींना गाडी का मिळाली नाही? मी सांगितलं. तिसऱ्या मुलाच्या नियमाचं सांगितलं. ते म्हणाले, नियम आपल्या खात्याचा नाही. मी म्हटलं, बायका तर आपल्या आहेत. हे कसं बोलून गेले मला माहीत नाही.

तुझी खोली यादीतून निघाली. बंद होणार नाही. एकतीसला सही झाली तेव्हा यादीत दहाच नावं होती. त्या दहा ठिकाणी किती नर्सांच्या ट्रंकेत वह्या आहेत, हा विचार मला झोपू देत नाही. लसीचे कागद मागितले तर मला त्या टेबलावर जायची बंदी केलीय.

अहवालातून माझं नाव काढलं. मला जन्मांच्या टेबलावरून उठवून रस्त्यावरची वाहनं मोजायच्या टेबलावर बसवलंय. बैलगाड्यासुद्धा धरायच्या का, असं मी विचारलं, तर कोणी हसलं नाही.

तुझ्या चौकशीचं पत्र निघालंय. तुला पोचलं असेल. मावशे, माझ्यामुळे झालं.

हसरीचं कळव. लगेच कळव.

ठकी


२१ सप्टेंबर

ठके,

तुझ्यामुळे वगैरे काही नाही. माझ्या वहीचं मी निस्तरलं. निलंबित आहे, पगार अर्धा, पेन्शनचं पुढे बघू म्हणतात. माझ्या जागी एक कोवळी पोरगी पाठवलीय. नखं स्वच्छ, हात चांगले. दिव्याला दोन मिनिटं लागतात हे तिला पहिल्या दिवशी सांगितलं. काट्याचे पन्नास ग्रॅमही सांगितले. खोलीत पाऊल टाकायची मला मनाई आहे, म्हणून मी बाहेरच्या बाकावर बसते. बाक सरकारी नाही, मीच आणलेला आहे.

चौदा तारखेला दुपारी हसरी आली. मी बाकावर, ती आत. मुलगी झाली. आणि मग रक्त थांबेना. त्या पोरीने दारातून नुसतं माझ्याकडे बघितलं. मनाई गेली खड्ड्यात. मी आत गेले, मूठ लावून पोट दाबून धरलं, तिला सुई कुठली ते सांगितलं, आणि तिने पळत टाकीवर जाऊन गाडी मागवली. पलीकडच्याने नाव विचारलं. यादीत होतं. मी खाली मिनिटं मोजत होते. बाटली लावून, पोट धरून, सगळा रस्ता मी तिच्यासोबत गेले. शिवणवाली गेली ते वळण आलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा हसरी माझ्याकडेच बघत होती. म्हणाली, "बाई, तुम्हीच गळपटलात की."

शहरात रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. परवा घरी आली. हिरव्या वहीत त्या पोरीने लिहिलं: मुलगी, आईचं नाव, खेप चौथी. बापाचा रकाना कोरा. बाप बाळाला घेऊन बाहेर माझ्याच बाकावर बसला होता.

आता माझ्या दोनशेपानी वहीचं. चौकशीवाले ती घेऊन जातील म्हणतात, आणि आता तिची गरजही नाही, लिहायचं ते सगळं हिरव्या वहीत लिहिलं जातंय. बंद करण्याआधी शेवटचं पान कोरं दिसलं. तुझं सहा ऑगस्टचं पत्र काढलं. मग तुझी जुनी पत्रं काढली, सगळी आहेत माझ्याकडे. तू बोलली नाहीस, पण पत्रांत दिसतंय. दीड वर्षापूर्वी फेब्रुवारीच्या सतरा तारखेनंतर महिनाभर तुझं पत्र नाही, मी तेव्हा जीपवाल्याशी भांडले होते. मग नऊ डिसेंबरचं पत्र, चारच ओळी, अक्षर सगळं खाली उतरलेलं. तेव्हा मला वाटलं, पोरगी घाईत आहे. मी तुला पडद्यांवरून बोलले. तोंड भाजायला हवं माझं.

ज्यांचं कुठे लिहिलं गेलं नाही त्यांच्यासाठीच ही वही होती. म्हणून शेवटच्या पानावर तुझं नाव लिहिलं, आईच्या रकान्यात. खाली तीन नोंदी केल्या आहेत. पहिली सतरा फेब्रुवारी. दुसरी नऊ डिसेंबर. तिसरी एक जून. ते पान मी त्यांना देणार नाही, फाडून ट्रंकेत ठेवलंय.

तारखा अंदाजाने लिहिल्यात. चुकल्या असतील तर कळव.

मावशी


३० सप्टेंबर

मावशे,

पहिली बरोबर आहे. तिसरीही.

दुसरी नऊ डिसेंबरची नाही, सातची. नऊला मी उठून बसले आणि आधी तुलाच पत्र लिहिलं.

खाडाखोड करू नकोस. शेजारी लिही आणि सही कर.

ठकी